शिंग की सोंग

माझ्या नाकाचं कौतुक कुणी कधी केलं नाही. त्याचा जाच मात्र सगळ्यांना झाला. लहानपणी मी दूध तोंडाला लावायच्या आधीच सांगायची की हे संध्याकाळपर्यंत नासणार, आणि ते नासलं की आई माझ्यावरच चिडायची, जणू मीच त्याला नासायला सांगितलं होतं. लग्न ठरलं तेव्हा तिने मला एकच गोष्ट बजावली. सासरच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या नाक मुरडायचं नाही. मी पहिल्याच दिवशी मुरडलं. माझा इलाज नव्हता, खालच्या मजल्यावर शिंग जळत होतं.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. बाबा चाकू-सुऱ्यांना मुठी बसवतात, त्याही सांबरशिंगाच्या. वर आम्ही राहतो आणि खाली त्यांची कामाची खोली आहे. एक लांब बाक, भिंतीला ओळीने टांगलेल्या कानशी, खिडकीखाली स्पिरिटचा दिवा आणि कोपऱ्यात शिंगांचा ढीग. त्या ढिगात पाय अडकून पडला नाही असा माणूस आमच्या घरात नाही. सांबराची शिंगं दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात. गळालेली वेचून आणणारी माणसं बाबांच्या ओळखीची आहेत. अशा शिंगाची मूठ ओल्या हातातून सटकत नाही आणि मालकापेक्षा जास्त जगते. म्हणून तिला मागणी आहे, आणि मागणी आहे म्हणून प्लास्टिक साच्यात ओतून, वर तपकिरी रंग फासून तिची नक्कल करणारेही आहेत. लोक आजोबांचा म्हणून जपून ठेवलेला चाकू फडक्यात गुंडाळून आणायचे आणि बाबांना एवढंच विचारायचे, की मूठ खरी आहे का.

बाबांची रीत ठरलेली होती. सुई दिव्यावर लाल करायची, मुठीच्या टोकाशी कुणाला दिसणार नाही अशा जागी टेकवायची आणि मूठ नाकाशी धरून डोळे मिटायचे. केस जळल्यासारखा वास आला तर ते म्हणत, “शिंग.” गोडसर, घशाला झोंबणारा आला तर म्हणत, “सोंग.” समोरच्याने कितीही खोदून विचारलं तरी पुढचा शब्द निघायचा नाही. ज्याच्या वाट्याला सोंग यायचं तो आजोबांवर रुसल्यासारखं तोंड करून निघून जायचा.

या एका शब्दावर बाबांचा सगळा मान उभा होता. आमच्या शहरातले चाकूवाले, धार लावणारे, मुठी बसवणारे वर्षातून एकदा त्यांच्या संघाच्या हॉलमध्ये जमतात. तिथे परीक्षकाची म्हणून एक खुर्ची आहे. तिचा एक हात मोडलेला आहे आणि गादीतून काथ्या बाहेर आलाय. आमच्या घरात असती तर मी ती कधीच भंगारात दिली असती. पण त्या खुर्चीसाठी ही माणसं जीव टाकतात. वर्षभरात ज्या मुठींवरून वाद झाले असतील त्या तिथे येतात आणि खुर्चीवरचा माणूस निकाल देतो. निकाल चुकला तर त्याने आपली सुई समोरच्या टेबलावर ठेवायची आणि उठायचं. कुणी सांगायची वाट बघायची नाही. बाबांच्या आधीचे परीक्षक असेच उठले होते, आणि त्यानंतर त्यांनी कामाच्या खोलीचं कुलूपसुद्धा पुन्हा उघडलं नाही म्हणतात.

त्या खुर्चीवर डोळा असलेला माणूस काही लांबचा नव्हता. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे बाबांचे साडू. घरात सगळे त्यांना काका म्हणतात, आणि ते बाबांना दादा म्हणतात. मी मनातल्या मनात साडूबुवा म्हणते. बाजारात त्यांचं चाकूंचं मोठं दुकान आहे, ओठांवर दुकानाला शोभतील अशा मिशा आहेत, आणि बोलता बोलता ते समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतात तो काढायचं विसरतात. माणूस वाईट नाही. बाबांपुढे आपण एकदा तरी वरचढ ठरावं एवढीच त्यांची आयुष्यभराची इच्छा, आणि तीही त्यांनी कधी लपवली नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबांना सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना काय घेऊन गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एका सकाळी मी माझ्या खोलीत काम करत होते. औषधांच्या खोक्यांत घडी घातलेले कागद असतात ना, त्यांवरची बारीक अक्षरं छपाईआधी तपासायचं माझं काम आहे. ते घरी बसून करता येतं आणि करताना झोप येते. तेवढ्यात दोन भिंतींपलीकडून दूध करपल्याचा वास आला. धावत स्वयंपाकघरात गेले तर पातेल्याचा तळ काळा ठिक्कर, आणि शेगडीपासून हातभर अंतरावर बाबा तिच्याकडे पाठ करून निवांत पेपर वाचताहेत. मी गॅस बंद केला. त्या आवाजाने बाबा वळले, त्यांनी पातेल्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते घाबरले होते. सासूबाईंना मी सांगितलं की दूध माझ्याच हातून राहिलं.

मला वाईट वाटलं ते नुसत्या नाकाचं नाही. बाबांना ना पत्त्यांचा नाद, ना गप्पांचा. जेवायला वर आले तरी घास संपेपर्यंत त्यांचं लक्ष जिन्याकडे असतं. खुर्ची गेली तर लोक यायचे थांबणार, लोक थांबले तर बाबा खाली उतरायचे थांबणार, आणि मग आमच्या वरच्या खोलीत एक माणूस दिवसभर नुसता बसून राहणार. तो विचारच मला सहन होईना.

थोड्याच दिवसांत एक बाई चाकू घेऊन आल्या. मी चहा द्यायला खाली गेले होते. बाबांनी सुई तापवली, टेकवली, डोळे मिटले आणि ते तसेच बसून राहिले. बाईंना वाटलं असेल, केवढी ही एकाग्रता. मला मात्र त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. आणि प्लास्टिकचा वास तर असा सुटला होता की जिन्यात उभ्या माझ्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्या तोंडून आपोआप “ई” निघालं. बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “सोंग.”

बस, तेव्हापासून आमचं सुरू झालं. दारात कुणी चाकू घेऊन आलं की मी काहीतरी निमित्त काढून खाली. कधी चहा, कधी केरसुणी, कधी नुसतंच ‘बाबा, माझी कात्री दिसली का’. सुई टेकली की मी वास घ्यायची. प्लास्टिक असेल तर नाक मुरडून ई करायचं, खरं असेल तर गप्प राहायचं. बाबा जरा थांबायचे आणि आपला शब्द टाकायचे. याबद्दल आम्ही दोघांनी आपसात चकार शब्द काढला नाही. आमच्या ह्यांना संशय आला, पण तो भलताच. त्यांनी मला एकदा विचारलं की तुला एवढी कात्री लागते कशाला.

हळूहळू मला खालीच करमायला लागलं. वर ती मुंगीच्या पायांएवढी अक्षरं, खाली कानशीचा खरखर आवाज आणि खिडकीतून येणारं ऊन. एक दिवस बाबांनी काही न बोलता कानस माझ्या हातात दिली आणि मी ती उलटी धरल्यावर काही न बोलता सुलटी करून दिली. शिंग घासताना पिठासारखा भुगा पडतो. तयार मूठ बाबा जवसाच्या तेलाने पुसतात, त्या तेलाचे थेंब त्यात पडतात, म्हणून आमच्या भुग्याला स्वतःचा असा एक वास आहे. तो झाडून ठेवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

त्या भुग्यालाही गिऱ्हाईक होतं. एक गोरटेला, गोड बोलणारा माणूस अधूनमधून येऊन पिशवी भरून न्यायचा. गुलाबांना घालतो म्हणायचा. शिंगाच्या भुग्याने गुलाब असे तरारतात म्हणे की बघतच राहावं. एकदा त्याने मला गुलाबाचं रोपही आणून दिलं आणि म्हणाला, ताई, तुमच्याइतका स्वच्छ भुगा कुणी ठेवत नाही. झालं. तेव्हापासून मी त्याच्यासाठी भुगा चाळून ठेवायला लागले. कुणी एवढं गोड बोललं की माझं नाक काम करेनासं होतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

बैठक जवळ आली तसे साडूबुवा आमच्याकडे फेऱ्या मारू लागले. एका संध्याकाळी त्यांनी खिशातून अत्तराची कुपी काढून बाबांपुढे धरली. नवीन घेतलंय, बघा कसं वाटतं. बाबांनी हुंगलं, मान डोलावली आणि छान आहे म्हणाले. कुपीचं बूच काढलेलंच नव्हतं. साडूबुवांनी बुचाकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशा दोन्ही बाजूंनी हळूच वर गेल्या. जाताना त्यांनी सांगितलं की यंदा ते स्वतः एक मूठ परीक्षेला आणणार आहेत. खास माल मिळालाय, अस्सल सांबरशिंग, अख्खी पेटी. दुकानावर पाटी लावायची तेवढी राहिलीय, ती दादांच्या निकालानंतर लावू.

मी त्या रात्री नीट जेवले नाही. बैठकीला मी येणार म्हणून हट्ट धरला. सासूबाईंनी विचारलं, तिथे तू काय करणार. मी म्हटलं, चहा देणार. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, जा, खोकल्याच्या गोळ्या घेऊन जा बरोबर. मला त्यातलं काही कळलं नाही, पण गोळ्या घेतल्या.

हॉल माणसांनी भरला होता. बाबा त्या मोडक्या खुर्चीत बसले, समोर टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा. मी त्यांच्या पाठीमागे चहाची किटली घेऊन उभी राहिले. भरसभेत ई करणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी ऐनवेळी ठरवलं की ईच्या जागी खोकायचं. बाबांना सांगायला वेळ नव्हता, पण पहिल्या मुठीला मी खोकले आणि बाबांनी जरा थांबून सोंग म्हटलं. दुसरीला गप्प राहिले, तर शिंग. माझा जीव भांड्यात पडला. हे दोन्ही निकाल बरोबर निघाले, मालकांनी माना डोलावल्या, आणि मग साडूबुवा उठले.

त्यांनी पेटी टेबलाजवळ आणून ठेवली, तिच्यातून एक सुरी काढली आणि बाबांच्या हातात दिली. देखणी होती. खोल काळपट रेघा, त्यांच्यामधले उंचवटे मधासारखे, टोकाशी चांदीची टोपी. बाबांनी ती हातात फिरवली, क्षणभर गालाला लावली आणि मग सुई टेकवली. मी वाकून वास घेतला. केस जळल्याचा वास, अगदी स्वच्छ. त्यात जवसाच्या तेलाची एक बारीक लहरसुद्धा होती. आमच्या खोलीतला वास. मला इतकी खात्री कधीच वाटली नव्हती. मी ओठ घट्ट मिटले आणि एवढी गप्प राहिले की श्वाससुद्धा घेतला नाही.

बाबा थांबले. मग म्हणाले, “सोंग.”

मला वाटलं, मी चुकून खोकले की काय. साडूबुवांचा चेहरा आधी पडला, मग उजळला. पुन्हा सुई लावा म्हणाले. पुन्हा लावली. या वेळी त्यांनी मूठ स्वतःच्या नाकाशी धरली, मग शेजारच्या धारवाल्याच्या, मग त्याच्या शेजारच्या. एकेक जण हुंगत होता आणि एकेक जण बाबांची नजर चुकवत म्हणत होता, शिंगच आहे. मूठ साऱ्या हॉलमधून फिरून टेबलावर परत आली. सगळी नाकं एकीकडे आणि बाबा एकीकडे.

साडूबुवा टेबलावर दोन्ही हात टेकून वाकले.

“दादा,” ते म्हणाले, “खरं सांगा. तुम्हाला वास येतो का?”

काहीतरी खोटं सुचावं म्हणून मी डोकं खाजवत होते, किटली सांडावी का असंही मनात आलं. तेवढ्यात बाबांनी हातातली सुई टेबलावर ठेवली.

आणि गंमत बघा, सगळ्यात आधी कुणाचा धीर सुटला असेल तर साडूबुवांचा. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर आला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते अर्धं पाऊल पुढे येऊन पुटपुटले की मला तसं म्हणायचं नव्हतं, तुम्ही बसा, सुई उचला.

“मी कुठे उठतोय?” बाबा म्हणाले. “सुई नुसती ठेवली. इथे तिचं काम नाही.” आणि मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. “वास मला येत नाही. मागच्या हिवाळ्यापासून येत नाही. पेटीतल्या अजून चार-पाच सुऱ्या काढा.”

बाबांच्या तोंडून एवढी वाक्यं एका दमात निघालेली त्या हॉलने कधी ऐकली नव्हती. साडूबुवांनी मुकाट्याने सुऱ्या काढल्या. एक काळसर, एक पिवळट, एक लाल मातीच्या रंगाची. कुणीही म्हणालं असतं की एकीचा दुसरीशी संबंध नाही. बाबांनी त्या वाटायला सांगितल्या. ज्यांच्या हातात आल्या त्यांना डोळे मिटायला सांगितलं. मग म्हणाले, टोकाकडून सुरुवात करा आणि अंगठा हळूहळू पात्याकडे न्या.

ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. चांगले पोट सुटलेले, जन्मभर धारा लावलेले पुरुष डोळे मिटून, चेहरे गंभीर करून मुठींवरून अंगठे फिरवत होते. टोपीपासून थोडं पुढे एक तिरका ओरखडा, त्याच्यापुढे दोन उंचवटे एकत्र येतात, मग एक खड्डा. बाबा हे एकेक करून सांगत होते आणि प्रत्येकाचा अंगठा बाबा सांगतील तिथे थबकत होता. सुऱ्यांची अदलाबदल केली. तरी ओरखडा तिथेच, खड्डा तिथेच.

“सांबर झाडाला शिंग घासतं, दुसऱ्या सांबराशी भांडतं, त्याचे हे ओरखडे,” बाबा म्हणाले. “आता एवढी सांबरं एकाच जागी, एकसारखीच भांडली असतील, तर मी उठतो.”

पहिल्यांदा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग सगळा हॉल. एक खरी मूठ घेऊन तिचा साचा काढला होता आणि प्रत्येक नगाला रंग वेगळा दिला होता. डोळ्यांना रंगाने फसवलं होतं. पण मग वास? बाबांनी सुरीच्या टोकाने मूठ खरवडली आणि कागदावर पडलेली पूड दाखवली. आत राळ आहे, ते म्हणाले, आणि राळेत शिंगाचा भुगा कालवलेला आहे, अगदी खऱ्या शिंगाचा. कुणीतरी बारीक चाळून घातलाय. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, पण माझे कान तापायला लागले.

मी किटली खाली ठेवली आणि साडूबुवांना विचारलं की हा माल दिला कुणी. ते म्हणाले, एक गोरटेला माणूस आहे, फार गोड बोलतो. तुझ्या मावशीला गुलाबाचं रोप देऊन गेला.

मग मला सांगावंच लागलं. सगळ्यांच्या देखत सांगितलं, की तो भुगा आमच्याच खोलीतला आहे, मीच तो झाडला, मीच चाळला आणि रोपाला पाणीही मीच घालते आहे. तुम्हा सगळ्यांना जो अस्सल वास आला तो माझ्या केरसुणीचा. लोक बाकांवर हात आपटून हसले. साडूबुवा तर डोळे पुसत हसत होते आणि त्यांचा हात बाबांच्या खांद्यावर होता, तो काढायचं ते विसरले. पेटी अजून परत करता येण्यासारखी होती, पाटी लागली नव्हती, आणि भरबाजारात नाक कापलं जायचं ते वाचलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, दादा, पण पहिली एकटीच सुरी हातात होती, तेव्हा कसं कळलं?

बाबांनी सुरीची मूठ त्यांच्या गालाला लावली. मग पिशवीतून स्वतःचा जुना चाकू काढून त्याची मूठ दुसऱ्या गालाला लावली. साडूबुवा दोन्ही गालांवर चाकू घेऊन उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, तुमची गारच आहे, आणि माझी लगेच कोमट झाली.

“तेवढंच,” बाबा म्हणाले.

खुर्चीबद्दल नंतर कुणी बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. निघताना साडूबुवांनी स्वतः गादीतला काथ्या आत कोंबला आणि म्हणाले की पुढच्या वर्षापर्यंत तिचा मोडका हात बसवून घेऊ, दादांना टेकायला बरं. सुई टेबलावरच राहिली होती. ती उचलू का, असं मी खुणेने विचारलं, तर बाबा म्हणाले, तुला लागेल, तुझ्याकडेच ठेव.

आम्ही चालत घरी निघालो. ऊन कलतं झालं होतं आणि दुकानांच्या पायऱ्यांवर सावली आली होती. मी आधी भुग्याबद्दल माफी मागितली. बाबांनी ती हाताने उडवून लावली. मग मला जे छळत होतं ते मी विचारलं. हाताने कळतं, गालाने कळतं, तर हे कधीपासून?

ते म्हणाले, सुरुवातीला खरंच काही कळत नव्हतं, तेव्हा मी तुझ्या ईवरच होतो. रोज सकाळी तुम्ही उठायच्या आधी खाली जाऊन डोळे मिटून मुठी चाचपायचो. थंडी सरेपर्यंत अंगठ्याला कळायला लागलं. उन्हाळ्यापर्यंत शंका राहिली नाही.

मी रस्त्यातच थांबले. म्हणजे गेले कित्येक महिने मी चहा गार करून, कात्र्या हरवून, नसता खोकला काढून ज्या माणसाला सांभाळत होते, त्याला सांभाळायची गरजच नव्हती. मला थोडा रागही आला. माझ्या नाकावर राग यायला फार वेळ लागत नाही.

“मग माझ्या ईची वाट कशाला बघत होतात?” मी विचारलं.

बाबा पुढे चालत राहिले. कोपऱ्यावर पोचल्यावर म्हणाले, “वाट बघितली नसती, तर तू खाली यायची थांबली असतीस.”

डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत. या माणसाला एकटं बसावं लागू नये म्हणून मी जिना उतरत होते, आणि मी वर एकटी बसू नये म्हणून हा माणूस डोळे मिटून माझी वाट बघत होता. मला त्या क्षणी ते फार, फार आवडले.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना कशाचंच नवल वाटलं नाही. हे माझ्या गुडघ्याच्या बामाला नावं ठेवायचे थांबले तेव्हाच मला कळलं, त्या म्हणाल्या. आणि तू बैठकीला चहा द्यायचा हट्ट धरलास तेव्हा उरलेलंही कळलं, भरसभेत काही तुला ई करता येणार नव्हतं. गोळ्या लागल्या का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. चहा नेला नाही, केरसुणी नेली नाही, कात्रीचं तर नावही काढलं नाही. बाबांनी मान वर करून माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि बाकावर सरकून मला जागा करून दिली. मी बसले. डोळे मिट, ते म्हणाले, आणि नाक जरा बाजूला ठेव. मी डोळे मिटले. गालाला काहीतरी टेकलं. मी वाट पाहिली, आणखी थोडी पाहिली, तरी ते गारच राहिलं.

“शिंग,” मी म्हणाले.

बाबांनी दुसरी मूठ लावली.